वेरूळची सुदेहा, परळची हर्षा

वेरूळच्या घृष्णेश्वराची कथा आपल्या जिल्ह्यात कोणास ठाऊक नाही? सुदेहेस मूल होईना, म्हणून तिने धाकट्या बहिणीचे, घुश्मेचे, लग्न आपल्याच पतीशी लावून दिले आणि पुढे मत्सराने तिच्या पुत्राचा घात केला. घुश्मेच्या भक्तीने श्रोते सद्गदित होतात. सुदेहेस त्या पापापर्यंत कोणी लोटले, हा प्रश्न मात्र आम्ही कीर्तनात कधी ऐकला नाही.

आमच्या ज्ञातीतही सुदेहा झाल्या. ओटी भरतेवेळी आपण होऊन मागे सरणाऱ्या, बारशाचे बोलावणे न येणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. पतीची तपासणी करावी, हे कोणाच्या मनासही शिवत नसे.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन जन्मली. डॉ. स्टेप्टो व प्रा. एडवर्ड्‌स यांनी स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून मातेच्या गर्भाशयात ठेवले होते. (‘परीक्षानळी’ हे नाव रूढ झाले खरे, मीलन घडते ते पसरट काचपात्रात.) अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, कलकत्त्यात दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गर्भ गोठवून ठेवून नंतर त्याचे रोपण केले होते. सरकारी समितीने त्यांचा दावा अमान्य केला, त्यांची बदली झाली आणि जून १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. शंभर कौरव घृतकुंभांत वाढले, तेव्हा हे शास्त्र आमचेच, असे सांगणारे बांधव आम्हांस भेटतात. त्यांनी अभिमान अवश्य बाळगावा, परंतु मुखोपाध्यायांचा.

मुंबईत परळच्या के. ई. एम. या महापालिकेच्या रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे ते यश. देशातील पहिलेपणाचा मान त्यांस मिळाला. पुढे मुखोपाध्यायांची टिपणे आनंदकुमारांच्या हाती आली. ती अभ्यासून त्यांनी १९९७ मध्ये जाहीर केले की, हा मान मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या मस्तकावरील मुकुट असा आपल्या हाताने उतरविणारे विद्वान विरळाच!

१९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या वैद्यांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून अपत्ये जन्मास आल्याचे प्रसिद्ध केले. दोष पुरुषाचा असला तरी त्यावर इलाज निघाला. तो लपविण्याचे कारण उरले नाही. तरी तपासणीस आधी जाते ती सूनच. २०२१ च्या कायद्याने अशा उपचारकेंद्रांस नोंदणी सक्तीची केली आहे. केंद्रात पाऊल ठेवण्यापूर्वी तेवढे प्रमाणपत्र जरूर पाहावे.

हर्षा २०१६ मध्ये स्वतः माता झाली. प्रसूतीच्या वेळी डॉ. हिंदुजाच होत्या.