पाचवीला पोरगं कुठं घालायचं?

जून आला की फोन सुरू होतात. "दादा, तुम्ही पत्रकार माणूस. पोराला जिल्हा परिषदेतच ठेवू, का हायस्कूलला घालू?" लोक शाळांची तुलना भिंतीच्या रंगावरून आणि डिजिटल बोर्डावरून करतात. माझं म्हणणं, आधी या मधल्या वर्गांचा इतिहास बघा.

आमचा शिरोळ तालुका. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड! पण हुकूम कोल्हापूर संस्थानापुरता. पंचगंगेपलीकडचं कुरुंदवाड पटवर्धनांचं, तिथं तो चालत नव्हता. आज एका तालुक्यात असलेल्या गावांची सुरुवात अशी वेगवेगळी. पुढं १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडं गेल्या. नगरपालिकांच्या शाळांचा संसार वेगळाच.

मराठी शाळा म्हणजे सातवीपर्यंत. जुन्या काळी सातवी 'फायनल' झालेल्या माणसाचं गावात वजन असायचं, त्या जोरावर मास्तरकी मिळायची. पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक. आणि संस्थांची हायस्कुलं पाचवी ते दहावी. म्हणजे पाचवी, सहावी, सातवी एकाच गावात दोन-दोन ठिकाणी! खरी ओढाताण इथं आहे. "एकदा पाचवीला घातलं की दहावीपर्यंत बघायला नको," हा आईबापाचा सरळ हिशेब. कुठला मास्तर चांगला शिकवतो, याचा त्यात संबंध कमीच.

माझी थोरली बहीण गावच्या शाळेत सातवीला पहिली आली होती. आठवी शेजारच्या गावात, वाटेत ओढा. ती घरी बसली. दोन वर्षांनी माझी सातवी झाली, तर मला सायकल घेतली. (ताई ही पोस्ट वाचणार आहे. वाचू दे.)

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानं पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे गट केले. सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं असे किमान तीन विषयांचे शिक्षक, आणि ३५ मुलांमागं एक. मग जिल्हा परिषदेच्या काही शाळांना आठवी जोडली गेली. हायस्कूलवाले नाराज झाले, कारण मुलं कमी झाली की त्यांची तुकडी तुटते. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, तिथल्या शिक्षकाचं पोटही पटावरच आहे.

आता १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानं कमी पटाच्या सहावी-आठवीवरचे शिक्षकच धोक्यात आलेत. पट कमी म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून पट कमी. हायस्कूल जवळ असेल तर पोरं तिकडं जातील. वाडी-वस्तीवरच्या पोरींनी काय करायचं? पुन्हा ओढा आडवा आहेच.

म्हणून फोन करणाऱ्याला मी एकच विचारतो: तुमच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक आहे का? बऱ्याच जणांनी कधी विचारलेलंच नसतं.

तालुक्यातल्या शाळांचा वर्गवार पट आणि शिक्षकांची यादी माहिती अधिकारात मागितली आहे. हातात आली की इथंच टाकतो. तोवर तुमच्या गावचं कमेंटमध्ये लिहा, शिक्षकांची नावं नकोत, आकडे द्या.