बेगडाची लक्ष्मी

बेगड या शब्दावर मराठीनं अन्याय केला आहे. कथलाचा अगदी पातळ, रंग चढवलेला, चकचकीत पत्रा म्हणजे बेगड. बाशिंगावर, मखरावर, ताबुतावर, देवाच्या कागदी मुकुटावर ती लावत. त्यात फसवणूक नव्हती. हे सोनं नाही हे लावणाऱ्याला ठाऊक असे आणि बघणाऱ्यालाही. दिव्याच्या उजेडात तिनं सोन्यासारखं चमकावं एवढीच अपेक्षा, आणि ती बेगड चोख पुरी करी. तरी भाषेनं ‘बेगडी’ असा शब्द पाडला आणि खोट्या, वरवरच्या, दिखाऊ माणसांना तो चिकटवून दिला.

हे मला टोचलं ते घाटकोपरला, एका फ्रेमवाल्याच्या दुकानात. आजीच्या देवघरावरची लक्ष्मीची तसबीर घेऊन गेले होते, काच तडकली होती म्हणून. कारागिरानं तसबीर पालथी घातली, गंजलेल्या चुका एकेक करून उपसल्या, पाठचा पुठ्ठा काढला आणि चौकट अलगद वर उचलली. काचेआडून इतकी वर्षं पाहिलेली लक्ष्मी पहिल्यांदाच उघडी समोर आली. ती सपाट नव्हती. साडी खऱ्या कापडाची होती, निऱ्यांखाली कापूस भरून फुगवलेली. पदराला जरीची किनार होती. गळ्यात बारीक मोत्यांच्या तीन ओळी, मुकुटावर बेगड, कमळाच्या पाकळ्यांच्या कडेनं टिकल्या. चेहरा, चारही हात आणि पावलं मात्र छापील कागदाचीच, त्यांवर दोऱ्याचा तुकडासुद्धा नाही. कारागीर म्हणाला, “ताई, यातलं काही सोडवायला जाऊ नका, कागद सोबत येईल.” चित्राच्या खाली, चौकटीच्या खोबणीत दडलेल्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं: रवि वर्मा प्रेस, कार्ले.

अंधेरी-बोरिवलीला आज कागदकामाचे वर्ग चालतात. जुन्या धाटणीच्या खोल चौकटीत कागदाचे पाच-सहा थर एकामागे एक बसवून देखावा उभा करायला तिथे शिकवतात: मागे आभाळ, मग चाळीच्या खिडक्या, मग झाड, सगळ्यांत पुढे गॅलरीतलं तुळशीचं रोप. मधे कापडाचे तुकडे, लेस, मणी, जुनी तिकिटं. या कामाला नावं इंग्रजी आहेत, त्यामुळे ही कला परदेशातून आली असा समज आहे. मला तो मान्य नाही. तिची एक मूळशाखा आपल्या घरांतली आहे, आणि त्या शाखेचा एक फाटा थेट घाटकोपरमधून जातो.

चित्रकार राजा रवि वर्मा केरळातल्या किळिमानूरचे, जन्म १८४८चा. त्यांची तैलचित्रं राजवाड्यांत लागत आणि सामान्य माणसाच्या नजरेला पडत नसत. या चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, त्यासाठी ती युरोपात पाठवावीत, असा सल्ला त्यांना १८८०च्या दशकात मिळाला तो राजा सर टी. माधवराव यांच्याकडून. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण होऊन गेलेले, आणि घराण्यानं तंजावरचे मराठी. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्यापासून १८५५पर्यंत तंजावरला मराठी राजांचं राज्य होतं आणि त्यांच्या आश्रयाखाली तिथली प्रसिद्ध चित्रशैली बहरली. तंजावरचं चित्र रंगांचं तितकंच थरांचं. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची भुकटी आणि गोंद यांचा लेप देऊन दागिने, कमानी, सिंहासन उठावाचं करायचं, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे बसवायचे. देवाच्या चित्राला अंग असावं, त्यावर बोट फिरवलं तर दागिना हाताला लागावा, ही आवड त्या प्रदेशात मुरलेली होती. त्याच प्रदेशातल्या एका मराठी दिवाणानं पुढे छापील चित्रांची वाट दाखवली.

रवि वर्मांनी चित्रं परदेशी पाठवण्याऐवजी छापखानाच इकडे आणला. १८९४ साली मुंबईत तो सुरू झाला, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. पहिलं छापलेलं चित्र ‘शकुंतलेचा जन्म’. रोजचा कारभार धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा पाहत. हा छापखाना काही काळ घाटकोपरला होता. तेव्हाचं घाटकोपर मुंबई शहरात नव्हतं, ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यातलं ते एक गाव होतं. आज मेट्रोच्या जिन्यावर जिथे पाऊल ठेवायला जागा मिळत नाही, त्या परिसरात दगडावरून लक्ष्मी आणि सरस्वती कागदावर उतरत होत्या. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला, मुंबईतून माणसं पळू लागली, कामगार मिळेनात. १८९९मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पत्त्यात कार्ले हे नाव आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम केलं होतं. सपाट चित्रातले देव हलताना दिसावेत ही ओढ त्यांना तिथे लागली असेल, असं मला नेहमी वाटतं.

आपल्याकडे रंगीत छापील देव त्याआधीही होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात १८७८मध्ये सहकाऱ्यांसह काढलेल्या चित्रशाळेचं रामपंचायतन घरोघरी लागलेलं होतं. पण रवि वर्मांच्या चित्रातल्या देवी माणसांसारख्या दिसत. त्यांच्या साडीला वजन होतं, निऱ्यांना सावली होती. ते छापणं सोपं नव्हतं. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला गुळगुळीत चुनखडी दगड त्यासाठी लागे. तेलकट शाई आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, या एका गोष्टीवर शिळाछापाची सगळी विद्या उभी आहे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद प्रत्येक दगडावरून पुन्हा न्यायचा. एक रंग केसभर सरकला तर देवीचे ओठ गालावर जात. शेवटी वॉर्निश, म्हणजे कागद तैलचित्रासारखा दिसावा. म्हणजे हे चित्र मुळातच थरांचं होतं, फक्त ते थर बोटाला लागत नसत.

इथून पुढचं काम घरात झालं. ते कुणी सुरू केलं याची नोंद कुठल्याही छापखान्यानं ठेवली नाही, आणि तशी गरज कुणालाच वाटली नसणार. ज्या बायकांनी ते केलं त्यांच्यासाठी ते नवं नव्हतंच. देवाला रोज वस्त्र चढवायचं ही आपली रीत. कोल्हापूरच्या अंबाबाईची नवरात्रात रोज वेगळ्या रूपातली पूजा बांधतात. भाद्रपदात गौरीचा मुखवटा येतो आणि घरातली बाई उभ्या सांगाड्याला नऊवारी नेसवते, निऱ्या सारख्या करते, गळ्यात आपलेच दागिने घालते. कापसाची गेजवस्त्रं, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, रुखवताची आरास, सगळं याच हातांचं. त्या हातांत कागदाची लक्ष्मी आली, तेव्हा तिला साडी नेसवावीशी वाटणं साहजिक होतं. युरोपातही संतांच्या छापील चित्रांना कापडाचे कपडे चढवत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात नटांच्या चित्रांवर चमकीचा पत्रा चिकटवण्याची मोठी हौस होती. कागदावरचा आवडता माणूस जरा उचलून आपल्याकडे घ्यावा, हे बहुधा सगळीकडेच वाटत असावं. पण आपल्याकडे त्या चमकीपुढे निरांजन ओवाळलं जात होतं, आणि त्यामुळे सगळंच बदललं.

ते कसं, हे सांगण्याआधी काम कसं करत ते सांगायला हवं. पातळ कागद चित्रावर ठेवून साडीचा आकार उतरवून घ्यायचा. कापड त्याहून थोडं मोठं कापायचं, कारण निऱ्या घालताना ते आत जातं. चिकटवायला मैद्याची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत. खळ पातळ झाली तर कापडातून वर उमटते आणि डाग पडतो. घट्ट झाली तर वाळताना कागद ओढून घेते आणि सुरकुती थेट देवीच्या गालापर्यंत जाते. सुईनं टाके घालायचे असले तर आधी चित्राला मागून कापड लावून घ्यायचं, नाहीतर सुईच्या भोकांवर कागद फाटतो. मग कापूस, मग साडी, मग किनार, शेवटी मोती आणि टिकल्या. आमच्या तसबिरीतली किनार वापरलेल्या साडीची आहे. एका जागी तिला रफू केलेलं दिसतं.

सगळ्यांत अवघड काम मात्र कुठे थांबायचं हे कळण्याचं. अशा बहुतेक जुन्या तसबिरींत, एखादी नथ सोडली तर, चेहरा, हात आणि पाय मोकळे असतात. तिथे चित्रकाराचा अधिकार मान्य केलेला असतो. आणि त्यामुळेच जादू होते. भोवती खरं कापड आणि खरी जर आली की छापील त्वचा मऊ वाटू लागते, डोळे जिवंत वाटतात. हातावरही मोती चिकटवले असते तर सगळी देवी बाहुली झाली असती. आजच्या कागदकामात जो देखावा फसतो तो बहुतेक वेळा इथेच फसतो. सगळे थर सारखेच सजवलेले असतात आणि नजरेला विसावायला सपाट जागा उरत नाही.

आता निरांजनाचं. छापील चित्रातला उजेड कायमचा एका बाजूनं येतो, तो चित्रकारानं ठरवून दिलेला. टिकलीवरचा उजेड खोलीतला. संध्याकाळी वीज नसलेल्या घरात ज्योत डावीकडून उजवीकडे फिरली की टिकल्या एकामागून एक पेटत जायच्या, कापसावर फुगलेल्या निरीची सावली सरकायची, आणि मधला चेहरा तसाच शांत राहायचा. देवी किंचित हलल्यासारखी वाटायची. यासाठी काच टिकल्यांना चिकटून चालत नाही. म्हणून चौकटीच्या आत चारी बाजूंनी लाकडी पट्टी देऊन चित्र आणि काच यांत अंतर ठेवत आणि सागवानी चौकट खोल करत. आज ज्याला पेटीसारखी फ्रेम म्हणतात ती हीच. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात अशा रिकाम्या चौकटी अजून दिसतात. त्यांची खोली पाहिली की आत नुसता कागद नव्हता हे ओळखता येतं. ट्यूबलाइटखाली या तसबिरी मलूल दिसतात. दोष त्यांचा नाही, त्या ज्योतीसाठी केलेल्या आहेत.

मळवलीचा छापखाना १९७२मध्ये आगीत सापडला. तोवर देवांची कॅलेंडरं दरवर्षी फुकट मिळू लागली होती, आणि जे डिसेंबरात उतरवायचं त्याला कोण साडी नेसवणार! गणपतीच्या मखरातही कागद आणि बेगड मागे पडून थर्माकोल आला. २०१८मध्ये राज्यानं थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांमधून पुन्हा पुठ्ठा, कार्डशीट आणि घोटीव कागद यांची मखरं उभी राहिली, थरावर थर लावलेली. बऱ्याच जणांनी ती नवी युक्ती म्हणून केली. ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढची बाई होती, तिनं खळ कशी शिजवायची ते सांगितलं.

मला या सगळ्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा खुणावते. छापखान्यानं एकासारख्या एक हजारो लक्ष्म्या काढल्या. त्या सारख्या राहिल्या नाहीत त्या या बायकांमुळे. कुणाची हिरव्या साडीतली, कुणाची मखमलीतली, कुणाच्या नाकात मोत्याची नथ, जी रवि वर्मांनी काढलेली नव्हती. चित्रकाराचं नाव चित्रावर आहे, छापखान्याचं खालच्या पट्टीवर आहे. तिसऱ्या हाताचं नाव नाही, आणि ज्या कामाला बेगडी म्हणून हसण्याची सवय लागली, त्याच्यावर कुणी नाव शोधायलाही गेलं नाही.

आमच्या तसबिरीला नवी काच बसली. पाठचा पुठ्ठा बदलण्याआधी मी तो उजेडात धरून पाहिला. आतल्या बाजूला शिसपेन्सिलीनं माझ्या पणजीचं नाव लिहिलेलं निघालं, माहेरचं. तो तुकडा कापून नव्या पुठ्ठ्याच्या आतून लावून घेतला.

तुमच्याकडे अशी तसबीर असेल तर ती ओल धरणाऱ्या भिंतीवरून आधी उतरवा. काळी पडलेली जर घासू नका, सुटलेली टिकली फेकू नका, लखोट्यात घालून पाठीमागे ठेवा. आणि फ्रेम बदलायला द्याल तेव्हा पाठचा पुठ्ठा परत मागून घ्या. त्यावर नाव नसेल आणि ते घरातल्या कुणाला आठवत असेल, तर आजच लिहा.