लेखणी कोणी घडविली?

वाचकहो, तुमच्या खिशाला आत्ता जे पेन लावलेले आहे ते कोणी केले, असे विचारले तर तुम्ही फार तर कंपनीचे नाव सांगाल. माणसाचे नाव सांगता येणार नाही. आपल्या पणजोबांना मात्र ते सांगता आले असते. कारण त्यांची लेखणी बहुधा त्यांनीच तासलेली असे.

बोरूची कांडी घ्यायची, चाकूने तिचे टोक तिरके तासायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक छाटून कत पाडायचा. कत किती तिरपा, यावर अक्षराचे वळण अवलंबून. देवनागरीतली जाड-बारीक रेघ ही त्या चपट्या टोकाचीच करामत. मोडी तर हात फारसा न उचलता धावत लिहायची. तिथे कत बिघडला की कारकुनाचा दिवस बिघडला. अशा लिहिणाऱ्यांना लोक थट्टेने ‘बोरूबहाद्दर’ म्हणत. पण त्या बहाद्दराला निदान चाकू धरता येत होता! आम्हां प्राध्यापक मंडळींविषयी तेवढेही म्हणण्याची सोय नाही.

पुढे टाक आला. दांडी लाकडाची, पण लोखंडी निब बर्मिंगहॅमसारख्या शहरांतल्या कारखान्यांतून यायचे. मग अमेरिकेत वॉटरमनने १८८४ साली आपल्या फौंटन पेनाचे पेटंट घेतले. ही पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. शाई पेनाच्या पोटात गेली आणि लेखणी लिहिणाऱ्याच्या हातातून दुकानात गेली.

इथे आपल्या वर्ध्याचा संबंध येतो. १९३५ साली गांधीजींचा मुक्काम वर्ध्याला मगनवाडीत होता. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम तिथूनच चाले आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी स्वतः घडविलेले एक फौंटन पेन कुमारप्पांच्या हाती गांधीजींना पोचते केले. गांधीजींनी ते वापरून पाहिले आणि १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचे पत्र लिहिले. बाजारातल्या परदेशी पेनांच्या जागी हे चालण्यासारखे आहे, असा त्यातला अभिप्राय होता.

ही हकीकत आपण स्वदेशीची गोष्ट म्हणून सांगतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. पेनाचे अंग घडवायचे म्हणजे काय? दांडा फिरता ठेवायचा आणि त्याला हत्यार लावून हवा तो आकार काढायचा. हेच काम आपला कातारी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला. पाळण्याचे खूर, लाटणे, पोरांचा भोवरा, सगळे त्याच विद्येतले. सावंतवाडीचा कारागीर तर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतो आणि घर्षणाच्या उबेने रंग चढवतो. विद्या गावात होती, पण ती शाळेच्या दाराबाहेर उभी होती. ते दार उघडण्याचा प्रयत्नही वर्ध्यातच झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथे शिक्षण परिषद भरली, पुढे झाकिर हुसेन समितीने योजना आखली आणि हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा ठरला. आपण त्या कण्याचा काय केला? वेळापत्रकातला एक तास! माझ्या मते नयी तालीम तिथेच हरली.

अलीकडे काही मंडळी हौस म्हणून लेथवर लाकडी पेने करतात. मलाही तो नाद लागला. आंजी (मोठी) येथे, वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आमच्या नातलगांच्या गोठ्यात, मोडकी बैलगाडी पडून होती. तिच्या चाकाचा बाभळीचा एक आरा मी मागून घेतला. गावातले म्हातारे सुतार म्हणाले, “मास्तर, हे लाकूड तुमच्याहून जुनं हाये. घाई कराल त फुटंन.”

मी घाई केली आणि ते फुटले.

चूक कुठे झाली ते शिक्षकमित्रांसाठी सांगतो. पाच इंचांचा, पाऊण इंच जाडीचा तुकडा कापून त्याचे दोन भाग करायचे आणि प्रत्येकाला आरपार सात मिलिमीटरचे भोक पाडायचे. भोक पाडताना गिरमिट वरचेवर बाहेर काढून भुसा झटकावा लागतो, नाहीतर आत उष्णता कोंडते आणि लाकूड चिरते. मी सरळ दाबत गेलो. दुसऱ्या तुकड्याला धीर धरला. भोकात पितळी नळी चिकटवली, लेथवर चढवून पटाशीने गोल केले, काचकागदाने घासले, वर लाख दिली. डोळ्यांवर चष्मा हवा आणि बाह्या सैल नकोत. पोरांना हे आधी सांगावे. ओले लाकूड घेऊ नये, वाळताना ते नळीवर तडकते. निब किंवा रिफिल अजूनही कारखान्यातूनच येते, हे मात्र कबूल केले पाहिजे.

ते पेन घेऊन मी पुन्हा आंजीला गेलो. सुतारबाबांनी ते उन्हात धरून फिरवले, रेषा पाहिल्या आणि नख लावून दोन तुकड्यांमधला सांधा दाखवला. रेषा जुळलेल्या नव्हत्या. कापताना खूण करायची मी विसरलो होतो. आरे अजून नऊ शिल्लक आहेत.