कॉलेजचा हिशेब कोणी मागायचा?

'आयक्यूएसी' हा शब्द स्टाफरूममध्ये उच्चारला की निम्मी माणसं चहाला निघून जातात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. मला मात्र त्या कक्षाचा इतिहास वाचावासा वाटतो. त्यातही आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला.

संगमनेरच्या कॉलेजचं पूर्ण नाव घ्या. संगमनेर नगरपालिका कला, डी. जे. मालपाणी वाणिज्य आणि बी. एन. सारडा विज्ञान महाविद्यालय, स्थापना १९६१. (फॉर्मच्या चौकटीत हे बसवायचं कसं, ते कारकुनालाच ठाऊक!) नावातच जमाखर्च मांडलाय: गावची नगरपालिका आणि गावचे व्यापारी. त्याआधी १९४७ मध्ये डॉ. हिवाळे यांनी नगरला अहमदनगर कॉलेज काढलं होतं. पुढे प्रवरेच्या काठी साखर कारखान्यामागोमाग शिक्षणसंस्था आल्या. पैसा दिलेली माणसं जवळच राहायची. कॉलेज कसं चाललंय, हे त्यांना बाजारात आणि ऊस मोजायच्या काट्यावरच कळत असणार.

पुढे पगार सरकारी अनुदानातून होऊ लागले आणि तपासणीही लांब गेली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने मूल्यमापनाचा आग्रह धरला, १९९४ मध्ये यूजीसीने बंगळूरला 'नॅक' स्थापन केली. पण बाहेरची समिती साधारण पाच वर्षांनी येणार, मधल्या वर्षांचं काय? म्हणून कॉलेजांनी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष नेमायचा आणि दरवर्षी अहवाल पाठवायचा, असं नॅकने ठरवलं. कक्षात प्राध्यापकांबरोबर माजी विद्यार्थी, उद्योगातला माणूस आणि स्थानिक समाजाचा प्रतिनिधीही हवा. म्हणजे ज्या गावाने कॉलेज उभं केलं, त्याला नियमाने पुन्हा खुर्ची मिळाली. मला हे कलम फार आवडतं.

एका कॉलेजात (नाव नको) मी अशा बैठकीला होतो. दोन तास फायली आणि फोटोच चालले होते. गावचे प्रतिनिधी, एक वयस्कर शेतकरी, शेवटी म्हणाले, "सर, मागच्या साली बी.एस्सी. झालेली पोरं आता कुठंयत?" अध्यक्षांनी तो विषय पुढच्या बैठकीवर टाकला. इतिवृत्तात तो आलाच नाही. खरं तर नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा, विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती, हेच विचारतो.

बाहेर चहा देणाऱ्या शिपाईमामांना मी सहज विचारलं. त्यांना अकरा पोरांची नावं पाठ होती. तिघं सुप्याच्या एमआयडीसीत, एक पुण्याला, बाकीची घरीच.