हातमोज्यांचा राक्षस

दिवाळीत अंगणात मुलांचा किल्ला उभा राहतो, त्याला सामान ते किती लागते? चार घमेली माती, दोनचार फुटक्या विटा, एखादे जुने गोणपाट आणि उतारावर पेरायला मूठभर अळीव. पण संध्याकाळी पणती लावून मुले किल्ल्यापुढे बसली, की बुरुजावरचा मातीचा मावळा त्यांना खरोखरच पहारा करताना दिसतो. असाच एक मातीचा किल्ला १९५३ साली लंडनमध्ये उभा राहिला होता. तो रचणारी माणसे मोठी होती, आणि त्यांचे अंगण म्हणजे बी.बी.सी.चा टेलिव्हिजन स्टुडिओ.

आपल्याकडे टेलिव्हिजन दिल्लीत १९५९ साली आणि मुंबईत १९७२ साली आला. ब्रिटनमध्ये तो १९३६ सालीच सुरू झाला होता. पण तो घराघरांत पोहोचला तो १९५३ सालच्या एका सोहळ्यामुळे. त्या वर्षी २ जूनला वेस्टमिन्स्टर ॲबे या पुरातन मंदिरात राणी दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला आणि सुमारे दोन कोटी लोकांनी तो घरबसल्या, किंवा शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीने बसून, पाहिला. त्यांपैकी पुष्कळांनी टेलिव्हिजनवर पाहिलेली पहिली मोठी गोष्ट तीच.

पुढे महिनादीड महिन्यातच, १८ जुलैच्या शनिवारी रात्री, याच लोकांपुढे 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' नावाची मालिका सुरू झाली. ती लिहिली होती नायजेल नील या तरुण लेखकाने. नायकासाठी चमत्कारिक नाव हवे होते, ते त्याने लंडनच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचलले. गोष्ट अशी : प्राध्यापक क्वाटरमास तीन माणसांना अग्निबाणातून अंतराळात पाठवितात. अग्निबाण भरकटतो आणि लंडनच्या विम्बल्डन भागात एका घरावर येऊन कोसळतो. दार उघडते तो आत माणूस एकच! बाकी दोघांचे नुसते पोषाख शिल्लक. परतलेल्या त्या एकाच्या देहात परक्या जगातले काहीतरी शिरलेले असते; त्याने त्याच्या सोबत्यांना गिळलेले असते आणि आता ते हळूहळू त्यालाही गिळून एका अजस्र वनस्पतीचे रूप घेऊ लागते. त्याचे बीज फुटून चहूकडे पसरले, तर पृथ्वीवर माणूस उरणार नाही.

कल्पना अशी भव्य, आणि तिजोरी? सहाही भागांचा मिळून खर्च चार हजार पौंडांच्या आतच बसवायचा होता. कॅमेरे १९३६ सालचे, म्हातारे झालेले. नाटक आधी चित्रित करून ठेवण्याची सोय नव्हती. नट बोलत ते त्याच क्षणी लोकांच्या घरी उमटे. चूक झाली तर झाली! पहिला भाग लोकांपुढे गेला, तेव्हा शेवटचे भाग नीलचे लिहून व्हायचेच होते.

शेवटच्या भागात राक्षस दाखविणे भागच होते. तो आणायचा कोठून? नीलने आणि त्याची भावी पत्नी जूडिथ कर हिने कातडी हातमोजे घेतले, त्यांवर पालापाचोळा व काटक्याकुटक्या चिकटविल्या. मग ॲबेच्या अंतर्भागाचे एक मोठे छायाचित्र उभे करून त्याला भोके पाडली, आणि २२ ऑगस्टच्या रात्री नीलने त्या भोकांतून आपले मोजे घातलेले हात बाहेर काढून हलविले. झाला राक्षस!

आज ऐकताना हसू येते. पण त्या रात्री सुमारे पन्नास लाख माणसे पाहत होती, आणि ती हसली असतील असे वाटत नाही. जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त केलेली घरे त्यांनी स्वतः पाहिली होती; युद्ध संपून आठच वर्षे झाली होती. आकाशातून काही कोसळते आणि कुणाचे तरी घर जाते, ही त्यांच्या लेखी अद्भुत गोष्ट नव्हती. रचणाऱ्यांचेही तसेच. दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टियर मूळचा व्हिएन्नाचा. हिटलरच्या राजवटीमुळे देशोधडीला लागून इंग्लंडात आलेला. जूडिथही बर्लिनहून लहानपणी आईबापांबरोबर पळालेली. पुढे मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांनी तिचे नाव घरोघर झाले. शेजारचा सभ्य माणूस पाहता पाहता राक्षस कसा होतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नसेल. आणि त्या राक्षसाने गाठले कोणते ठिकाण? ज्या ॲबेत राणीच्या मस्तकी मुकुट चढताना लोकांनी तीन महिन्यांपूर्वी डोळे भरून पाहिला होता, तेच!

या राक्षसाला मारायला तोफा नाहीत, विमाने नाहीत. त्यांना पैसा कुठला? क्वाटरमास एकटेच त्याच्यापुढे उभे राहतात आणि त्याच्या आत विरघळलेल्या तिघा माणसांना हाका मारतात. तुम्ही अजून माणसे आहात, याला विरोध करा, असे विनवितात. आतली माणुसकी जागी होते आणि राक्षस आतूनच नष्ट होतो. पुढे १९५५ साली हॅमर कंपनीने कितीतरी जास्त पैसे खर्चून याच कथेचा चित्रपट काढला. त्यात राक्षस विजेच्या धक्क्याने मरतो. धक्का दिपविणारा आहे खरा. पण आतल्या तिघांना हाक मारायला तेथे कुणीच नाही. गरिबीने नीलला जो शेवट सुचविला, तो श्रीमंतीला सुचला नाही.

आज त्या सहा भागांपैकी पहिले दोनच शिल्लक आहेत. पडद्यावरचे चित्र पुन्हा फिल्मवर टिपून ठेवण्याचा खटाटोप झाला, पण ते चांगले उमटेना म्हणून सोडून दिला. दुसऱ्या भागाच्या फिल्मवर तर एक किडा आरामात बसलेला दिसतो! ॲबेतला तो प्रसंग दाखविला गेला त्याच क्षणी विरून गेला. अंगणातला किल्लाही तुळशीच्या लग्नापर्यंत ढासळू लागतो. पण मोठेपणी मुलांना विचारा, बुरुजावरचा मावळा कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, ते ती अचूक सांगतील.