मूत्रनलिकेचा इतिहास

रोग्याची मूत्रनलिका केव्हा काढणार, हे डॉक्टरांस विचारताना आप्तेष्ट संकोचतात. कराडलगतच्या मलकापुरी, जेथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, किंवा अन्यत्र, हा संकोच अनाठायी होय. मूत्राशयात नळी घालण्याची विद्या सुश्रुतासही ठाऊक होती. विसाव्या शतकात फोलेच्या फुग्यामुळे नळी आत टिकू लागली. परंतु तिचे दुसरे टोक उघड्या बाटलीत असे. तेथून जंतू चढत, आणि चार दिवसांत बहुतेकांचे मूत्र दूषित होई. कित्येकदा विष रक्तातही भिने. १९५८ साली अमेरिकेच्या बीसन यांनी नळीविरुद्धच लेखणी उचलली. १९६६ साली क्युनिन व मॅकॉर्मॅक यांनी बंद पिशवीचा गुण सिद्ध केला. तिने संकट लांबले, टळले मात्र नाही. महिनाभर नळी राहिल्यास जंतू बहुधा येतातच.