खाजनातला शरद

रायबंदरहून फेरीबोट चोडणच्या धक्क्याला लागली की ऑक्टोबरात हल्ली दुर्बिणी आणि लांब तोंडाचे कॅमेरे घेतलेली माणसं उतरतात. सलीम अली पक्षी अभयारण्य बघायला आलेली. 1988 साली जाहीर झालेलं हे 1.78 चौरस किलोमीटरचं कांदळवन धक्क्याला लागूनच आहे. ते बघून झालं की मंडळी बेटावरच्या शेतांकडे वळतात, कारण शेकाटे, तुताऱ्या, बगळे तिथे मोकळ्यावर दिसतात. कुणीतरी मला वाट विचारतं आणि मागोमाग हमखास म्हणतं, "काका, किती नैसर्गिक आहे नाही हे सगळं!" मी निवृत्त मास्तर. अशा वाक्याला नुसती मान डोलावून पुढे जाणं मला जमत नाही.

नैसर्गिक असतं तर तिथे शेत नसतं, मांडवी असती. खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवरची जमीन. मधे बांध आहे म्हणून ती जमीन. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या काठाने गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन माणसांनी कांदळवनातून काढली. कधीपासून? बांदिवड्याला मिळालेल्या मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात खज्जन जमिनीचा उल्लेख आहे आणि तो सहाव्या शतकाच्या आगेमागेचा धरतात. म्हणजे पोर्तुगीज इथे आले तेव्हा या बांधांचं वय हजाराच्या घरात गेलं होतं. पणजी आणि रायबंदर जोडणारा तीन किलोमीटरहून लांब रस्ता व्हाइसरॉय लिन्यारिशने 1633-34 साली दलदलीतून काढला, त्याचं कौतुक सगळे करतात. त्याच्या कितीतरी आधी त्याच दलदलीत चिखल, पेंढा, लाकूड आणि चिरे घालून ज्यांनी पाणी अडवलं, त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

बांधाहून हुशारीची गोष्ट म्हणजे मानस. बांधात चिऱ्यांचं बांधकाम करून मधे लाकडी दारं बसवलेली असतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा रेटा त्यांना ढकलतो आणि शेतातलं पाणी नदीत जातं. ना मोटर, ना दोरी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि दार तिच्यामागोमाग सरकतं. लाकूड कुजलं किंवा फटीत ओंडका अडकला, तरच माणूस लागतो. आत पोंय असते, म्हणजे शेतांमधून फिरणारा पाण्याचा नागमोडी पाट. पावसाचं पाणी तिथे साठतं आणि मानशीपर्यंत पोचतं.

आमचा शरद या दारावर चालतो. मे महिन्यात नांगरून टाकलेल्या जमिनीतलं मीठ मृगापासूनचा पाऊस धुऊन काढतो आणि ते पाणी ओहोटीला मानशीतून बाहेर जातं. मग कोरगुट पिकतं. उंच वाढणारं, थोडंच पिकणारं, पण थोडंफार खारं पाणी शिरलं तरी तग धरणारं भात. सरदाचं, म्हणजे पावसाळी हंगामाचं, हे पीक दसऱ्याच्या सुमाराला कापायला येतं. नव्या सुधारित बियाण्यांनी दुप्पट पिकतं असं सांगणारे अनेक येऊन गेले. बांध फुटला त्या वर्षी त्यांच्या वाफ्यात काय उभं राहिलं, ते विचारायला कुणी आलं नाही. उकड्या कोरगुटाची पेज ज्याने खाल्ली आहे त्याच्याशी या विषयावर वाद घालू नये.

कापणी झाली की वरच्या अंगाच्या, कमी खाऱ्या तुकड्यांत वाफे पडतात. तांबडी भाजी आधी, मग मुळा, वाल, मिरची, अळसांदे. माझी आई चुलीतली राख पसरून तांबडी भाजी पेरायची आणि मडक्याने पाणी घालायची. आता आमची ही प्लॅस्टिकची झारी वापरते, राख मात्र शेजाऱ्यांकडून मागून आणते. तुळशीच्या लग्नापर्यंत पहिली जुडी निघाली पाहिजे असा तिचा हट्ट असतो. हे वाफे हौसेचे, बाजाराचे नव्हेत. पण त्यांना लागणारी ओल आणि गोडं पाणी जमिनीत टिकतं ते मानस धड असेल तरच. ज्या वर्षी दार गळतं त्या वर्षी मुळ्याची पानं कडेने करपतात. माती तपासायला पाठवायची गरज पडत नाही.

आणि मासे. कापणीनंतर भरतीला दार उघडं ठेवलं की पाण्याबरोबर पिल्लं आत येतात, पोंयीत वाढतात. ओहोटीला दार उघडलं की बाहेर पडायला बघतात आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. शेवटे, काळुंद्रं, सुंगटं, मधेच एखादा चणक. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात येतं-जातं, तेव्हा पकड मोठी. कोजागरीला शहरात लोक दूध आटवत बसतात, आमच्याकडे मानशीवर कंदील लागलेले असायचे. तिथे जाळं लावायचा हक्क लिलावात घेणाऱ्याचा. बाकीच्यांनी दूर बांधावर बसून गरवायचं. मी अजून बसतो. गरीला सुंगट लावायचं आणि समोर बघत राहायचं. पेन्शनरांसाठी यापेक्षा बरी सरकारी योजना निघालेली नाही.

समोर बघायला पुष्कळ असतं. पाणी बाहेर गेल्यावर कापलेल्या शेतात चार बोटं पाणी आणि मऊ चिखल उरतो. त्यात किडे, शिंपल्या, झिंगे. उत्तरेकडून आलेल्या तुताऱ्या नेमक्या त्यावर उतरतात. सप्टेंबरअखेर धोबी पक्षी शेपटी हलवत बांधावर दिसला की आमच्या शाळेत मुलं ओरडायची, थंडी आली म्हणून. खरं तर घामाच्या धारा सुरू असायच्या. पोंयीवर खंड्या, वर ब्राह्मणी घार, हिवाळ्यात एखादा कैकर. आणि उद, म्हणजे पाणमांजर. पहाटे कळपाने पोंयीत मासे हाकतात आणि मानशीच्या चिऱ्यांवर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा टाकून जातात. लिलाव घेणारे त्यांना शिव्या घालतात, पण त्यात एक जुनी बरोबरीची ओळख असते. कुंभारजुव्याच्या खाडीकडे, भोमला, पौष अमावास्येला गावडे समाजाचे लोक चिखलाची मगर घडवून पुजतात. बांधावर राबणाऱ्यांना मगर शेजारीण होती. तिच्याशी काही ठरवून घेणं भाग होतं.

हे सगळं ठरवणारी संस्था म्हणजे गांवकारी. पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाने 1526 साली फोराल, म्हणजे रिवाजांची सनद, लिहिलं, तेव्हा त्याने काही नवं दिलं नाही. गावांचे चालत आलेले रिवाज कागदावर उतरवले. जमीन गावाची, शेतं आणि मानशी लिलावाने द्यायच्या, आलेल्या पैशातून बांध दुरुस्त करायचे, उरलं तर गांवकारांना जोण वाटायचं. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद केलं आणि कायद्यांत बसवलं. शहाणपण हिशेबाच्या क्रमात होतं. भात आधी, मासे नंतर. दार कधी उघडायचं हे भाताकडे बघून ठरे.

तरीही गांवकारीच्या नावाने गळा काढणाऱ्यांत मी नाही. माझे वडील कूळ होते. जोण त्यांना कधी मिळालं नाही, बांधावर चिखल टाकायला मात्र बोलावणं यायचं. 1964 चा कूळ कायदा मुख्यमंत्री बांदोडकरांच्या काळात आला, 1976 ची दुरुस्ती मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात, आणि राबणारा जमिनीचा मालक झाला. आमच्या घरी त्या दिवशी गोड केलं होतं. न्याय झाला, यात मला शंका नाही. पण आम्ही कुळांनी शेतं घेतली, बांध कुणीच घेतला नाही. कोमुनिदादीचं उत्पन्न गेलं, तिने अंग काढून घेतलं. बांधाचं काम कूळ संघांकडे आलं, आणि संघ म्हणजे आम्हीच, ज्यांची पोरं तोवर पणजीला नोकरीला लागली होती.

मग सुंगटांचा भाव चढला. मानशीच्या लिलावाचा पैसा भाताच्या पैशाहून जास्त झाला आणि क्रम उलटला. बऱ्याच गावांत भरतीला दारं मुद्दाम उघडी राहू लागली. खारं पाणी आत, मासे भरपूर, भात मेलं. पडीक शेतात कांदळ उगवलं. त्यात नदीतून खनिजाच्या बार्जेस जात होत्या, त्यांच्या लाटांनी बांध पोखरले. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा लाटा कमी झाल्या, भगदाडं बुजली नाहीत. आता कांदळ तोडता येत नाही, आणि खाजन किनारी नियमांखाली संरक्षित आहे, तेही योग्यच. फक्त संरक्षण म्हणजे न बांधणं असा अर्थ घेतला, तर ज्याला वाचवायचं ते बुडतं. पक्षी बघणाऱ्यांना मी हेच सांगतो, आणि त्यांना ते आवडत नाही: कायम पाण्याखाली गेलेल्या खाजनात तुताऱ्यांना उभं राहायला जागा नसते.

यंदा आमच्या संघाच्या बैठकीत मी मानशीच्या लिलावासाठी एक अट लिहून घ्यायला लावली. कापणी संपेपर्यंत भरतीला दार उघडायचं नाही, उघडलं तर अनामत जप्त. बोली पडली. गेल्या सालापेक्षा बरीच कमी रक्कम आली आणि दोन तरुण माझ्यावर चिडले, कारण दारांना नवीन लाकूड घ्यायचं आहे आणि तेवढ्यात ते बसत नाही. त्यांचं म्हणणंही खोटं नाही. उरलेले पैसे घराघरांतून काढायचे ठरलं आहे. वर्गणीची वही माझ्याकडे दिली आहे. मास्तर मागायला आला की नाही म्हणणं अवघड जातं, असा त्यांचा हिशेब.